घाबरटाची साक्ष



शेतातली कामं, कारखान्यांतल्या पाळ्या, शेजारच्या गांधीनगरातली दुकानं हे सगळं आटोपून तुम्ही आज इथं गडमुडशिंगीच्या व्याख्यानमालेला आलात. समोर आज्या बसल्यात, नातवंडंही बसलीत.

विषय ऐकून काही जण चमकले असतील. खून आणि हसू! स्मृतिव्याख्यानाला हा काय विषय? पण मी तो विचार करूनच निवडला आहे. ज्या सिनेमात माणूस मरतो, मारेकरी मोकाट असतो, रहस्य असतं, आणि तरीही आपण पोट धरून हसतो, तो सिनेमा आपल्याला इतका का आवडतो? ‘झपाटलेला’ टीव्हीवर लागला की हातातलं काम टाकून माणसं बसतात. ‘जाने भी दो यारों’ पडद्यावर आला तेव्हा आज या सभेत बसलेली निम्मी माणसं जन्मलीही नव्हती, तरी ती तो बघतात. का?

नेहमीचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. दिवसभराचा शीण असतो, दोन घटका करमणूक झाली, बस्स. भीतीचा ताण आला की मध्ये विनोद टाकायचा, म्हणजे प्रेक्षक सैलावतो. हे उत्तर मला पटत नाही. भीती आणि हसू असं आळीपाळीनं वाढता येत नाही. चांगल्या सिनेमात दोन्ही एकाच प्रसंगातून, एकाच वेळी उठतात. कशी उठतात ते आज बघू.

‘झपाटलेला’ घ्या. महेश कोठारे यांचा 1993 चा सिनेमा. कल्पना हॉलिवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून आलेली, पण तिला माती चढवली ती आपली. तात्या विंचू नावाचा गुंड पोलिसाच्या गोळीनं मरतो आणि मरता मरता मंत्राच्या बळावर एका बाहुल्यात शिरतो. तो बाहुला येतो कुणाकडं? लक्ष्याकडं. लक्ष्या कोण? बोलक्या बाहुल्यांच्या खेळात रमलेला, गावानं कधी फारसा मनावर न घेतलेला माणूस. आता बाहुला एकटा असला की बोलतो, चालतो, माणूस मारतो. आणि चारचौघांसमोर लाकडासारखा पडून राहतो. लक्ष्या जीव तोडून सांगतोय की हा जिवंत आहे. ऐकणारे काय म्हणणार? याला बाहुल्यांचा नाद होताच, आता तो डोक्यात गेला.

आठवा त्या वेळचं थेटर. किंवा गणपतीत गल्लीच्या तोंडाला बांधलेला पांढरा पडदा आठवा. अलीकडच्या बाजूनंही माणसं बसलेली, पलीकडच्या बाजूनंही. लक्ष्या खोलीत वळतो, मागं बाहुला हलतो. आणि पोरं ओरडतात, “मागं बघ! लक्ष्या, मागं बघ की!” आवाज हसण्याचा आहे की घाबरल्याचा? ओरडणाऱ्या पोराला विचारलंत तर त्यालाही सांगता येणार नाही. पण एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक असते. पडद्यावर कुणीच लक्ष्याचं ऐकत नाही. लक्ष्या खरं बोलतोय हे फक्त मला माहीत आहे. साक्षीदार मी आहे.

मित्रहो, माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. खरं बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा माणूस आहे. तो गरीब आहे, बावळट आहे, म्हातारा आहे, घाबरट आहे. आणि त्या एकट्या माणसाच्या बाजूनं आख्खं थेटर उभं राहतं. या सिनेमांची गोडी तिथं आहे.

हे आपल्याकडंच आहे का? नाही. 1955 चा एक इंग्रजी सिनेमा आहे, ‘द लेडीकिलर्स’. लंडनमध्ये किंग्ज क्रॉस स्टेशनजवळ, रेल्वेच्या बोगद्याच्या तोंडावर एक म्हातारी एकटी राहते. तिच्या माडीवर एक प्रोफेसर भाड्यानं राहायला येतो. त्याच्याकडं चौघे जण येतात, आम्ही वाद्यवृंद आहोत म्हणतात, ग्रामोफोनवर तबकडी लावून सरावाचा देखावा करतात आणि आत दरोड्याचा बेत शिजवतात. म्हातारी काय करते? दर थोड्या वेळानं दार वाजवते आणि चहा घेणार का म्हणून विचारते. प्रत्येक वेळी पाचही दरोडेखोर धावत वाद्यं उचलतात. ॲलेक गिनेस, पीटर सेलर्ससारखे कसलेले नट त्यात आहेत, पण सिनेमा खिशात घातला तो केटी जॉन्सन या वयोवृद्ध नटीनं.

आता शेवट ऐका. टोळी आपसात मारामाऱ्या करून संपते. दरोड्याचा पैसा म्हातारीच्या घरात. ती सरळमार्गी बाई छत्री घेऊन पोलीस ठाण्यात जाते आणि सगळं जसंच्या तसं सांगते. साहेब मान डोलावतात, गोड बोलतात आणि म्हणतात, पैसे तुम्हीच ठेवा बाई. का? कारण हीच बाई आधी एकदा मैत्रिणीच्या बागेत परग्रहावरचं यान उतरल्याची हकिगत घेऊन तिथं आली होती. ठाण्यात तिची ओळख झालीय, बिचारी म्हातारी अशी. आता तिनं देवाशपथ खरं सांगितलं तरी ते बिचाऱ्या म्हातारीचंच बोलणं.

‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’ हा 1944 चा फ्रँक काप्रा यांचा सिनेमा. त्यातल्या दोन प्रेमळ आत्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना विष घातलेलं घरगुती मद्य पाजून पुण्य जोडतात आणि तळघरात पुरतात. त्या स्वतःच्या तोंडानं पोलिसाला सांगतात की तळघरात मढी आहेत. पोलीस विश्वास ठेवत नाही. इतक्या मायाळू बायका खून कशा करतील? बघा, तोच सापळा, फक्त उलट्या बाजूनं लावलेला.

यामागची कारागिरी आल्फ्रेड हिचकॉक फार सोप्या भाषेत समजावून सांगत. चार माणसं टेबलाशी गप्पा मारताहेत आणि अचानक बॉम्ब फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं, तर त्याच फालतू गप्पा त्याला असह्य होतात. त्याला ओरडून सांगावंसं वाटतं. आता मी पुढचं विचारतो. गप्पा मारणारे त्या टेबलावर बसून भजी खाताहेत, एकाचा चमचा खाली पडला, तो वाकला आणि बॉम्ब बाजूला सारून चमचा घेऊन वर आला, तर? तुम्ही हसलात. भीती गेली का? उलट वाढली. विनोदाला आणि रहस्याला लागणारा माल एकच आहे: प्रेक्षकाला जे माहीत आहे ते पात्राला माहीत नसणं. म्हणून तर हे दोन्ही प्रकार एका घरात सुखानं नांदतात.

पण हे सगळं पेलायला नट लागतो. लक्ष्या साकारणाऱ्या लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याबद्दल मी इथं थोडा थांबणार आहे, कारण त्यांच्या वाट्याला प्रेम उदंड आलं, अभ्यास फार कमी आला. 2004 च्या डिसेंबरात ते गेले. त्यांचं घाबरणं पुन्हा एकदा नीट बघा. ते प्रेक्षकाकडं बघून डोळा मारत नाहीत. गंमत चाललीय असं कुठंही सुचवत नाहीत. डोळे विस्फारतात, मान आखडते, शब्द घशात अडकतो, हात दाराची कडी शोधतो आणि सापडत नाही. हा माणूस खराच घाबरलेला आहे. तो खरा घाबरतो म्हणून आपल्याला हसू येतं आणि तो खरा घाबरतो म्हणूनच आपला त्याच्यावर विश्वास बसतो. तिथं नटानं जरा जरी थट्टा केली असती, तर बाहुला नुसता बाहुला राहिला असता.

आणि तो बाहुला तरी साधा का? तो घडवला आणि खेळवला रामदास पाध्ये यांनी, बोलक्या बाहुल्यांची कला ज्यांना वडिलांकडून मिळाली. आवाज दिला दिलीप प्रभावळकरांनी. माणसाच्या रूपातला तात्याही तेच. दूरदर्शनवर ज्यांनी चि. वि. जोशींचा गरीब, भिडस्त चिमणराव घराघरांत नेला, त्यांच्याच गळ्यातून हा खुनशी आवाज निघाला. आणखी एक जाता जाता सांगतो. 2006 साली ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी कुणी केले? प्रभावळकरांनीच. तो सिनेमाही एका गुंडाचा, आणि त्यात बापू दिसतात फक्त मुन्नाला. बाकीच्यांच्या लेखी तो हवेशी बोलणारा माणूस. मला हे जुळणं विलक्षण वाटतं.

आता आपल्या मातीकडं येऊ. कोल्हापूरला सिनेमा कुणी शिकवावा लागला नाही. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, 1929 साली प्रभात निघाली ती इथं. मास्टर विनायकांनी हंस पिक्चर्सचा ‘ब्रह्मचारी’ 1938 मध्ये इथंच काढला, लेखक आचार्य अत्रे. म्हणजे निखळ विनोदी मराठी बोलपट घडवायला ज्या हातांनी सुरुवात केली, ते हात या पंचक्रोशीत वावरलेले आहेत. याच अत्र्यांनी चोवीस वर्षांनी, 1962 मध्ये, जे लिहिलं ते सिनेमा नव्हे, नाटक आहे. पण आजच्या विषयात त्याला वगळलं तर माझं बोलणं अर्धवट राहील.

‘तो मी नव्हेच’. आरोपी लखोबा लोखंडे, तंबाखूचा व्यापारी, राहणार निपाणी. निपाणी म्हणजे इथून हमरस्त्यानं तासाभराची वाट! त्या काळात गाजलेल्या काझी खटल्यावरून अत्र्यांना हे सुचलं. एकच माणूस निरनिराळ्या नावांनी, वेशांनी, बोलींनी बायकांना लग्नाच्या जाळ्यात ओढतो आणि लुबाडतो. प्रभाकर पणशीकर त्यात पाच रूपं घेत आणि वेष बदलायला उसंत मिळावी, गाडी कुठं अडू नये म्हणून फिरता रंगमंच वापरला जाई.

आता हे नाटक लक्ष्याच्या शेजारी ठेवून बघा. इथं कोर्टात एकामागून एक माणसं येतात आणि खरं सांगतात. फसवल्या गेलेल्या बायका, त्यांची माणसं. ती रडतात, अडखळतात, संतापतात, लाजतात. आणि समोर लखोबा. शांत. गोड. ठाम. प्रत्येकीला एकच उत्तर: तो मी नव्हेच. नाट्यगृह हसतं कुणाबरोबर? प्रामाणिकपणे सांगा. लखोबाबरोबर. मी हे नाटक ज्या ज्या वेळी पाहिलं, त्या त्या वेळी माझ्या मनात हे आलं. ज्या बाईचा संसार उद्ध्वस्त झालाय ती पिंजऱ्यात उभी आहे आणि आपण तिला लुबाडणाऱ्याच्या हजरजबाबीपणाला टाळ्या देतोय. अत्र्यांना हे कळत नव्हतं? चांगलंच कळत होतं. माणसं का फसतात याचं उत्तर भाषणात देता येत नाही. प्रेक्षकालाच घटकाभर फसवावं लागतं. लखोबा आपल्याला आवडतो, तेव्हा त्या बायका का भुलल्या हे आपल्याला कळतं. पुढच्या वेळी एखाद्या फसवल्या गेलेल्या बाईबद्दल “हिला कळत नव्हतं का?” असं म्हणण्याआधी जीभ थोडी अडखळते. विनोदाचं हे काम मला फार मोठं वाटतं. लखोबा सांगतो की खोटं बोलणारा रुबाबदार असतो. लक्ष्या सांगतो की खरं बोलणारा केविलवाणा दिसतो. दोन्ही मिळून एकच गोष्ट झाली की नाही?

मग 1983 साली एक सिनेमा आला ज्यानं ही गोष्ट गावाबाहेर काढून थेट मुंबई महापालिकेच्या दारात नेऊन उभी केली. ‘जाने भी दो यारों’. दिग्दर्शक कुंदन शाह, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. पैसा सरकारी चित्रपट महामंडळाचा, तोही बेताचा. दोन भोळे फोटोग्राफर, नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी, नवा स्टुडिओ टाकतात, धंदा बसत नाही. एक संपादिका त्यांना बिल्डरांच्या मागावर पाठवते. बागेत काढलेला एक फोटो ते अंधाऱ्या खोलीत धुतात, आणि मागच्या झुडपात काहीतरी दिसतं. मोठा करतात. आणखी मोठा करतात. हातात पिस्तूल. खून.

म्हणजे पुरावा आहे! लक्ष्याजवळ नुसता शब्द होता, या दोघांजवळ फोटो आहे. पुढं प्रेतही सापडतं, खुद्द महापालिका आयुक्त डिमेलोचं. भूमिका सतीश शाह यांची. अर्ध्याहून अधिक भूमिका मढ्याची, आणि तीच सर्वांच्या ध्यानात राहिली. ते मढं एका जागी राहत नाही. त्याची शवपेटी रस्त्यावर येते तेव्हा दारू प्यालेला बिल्डर अहुजा, म्हणजे ओम पुरी, ती मोटार समजतो, आत बसलेल्या साहेबांची गाडी बिघडली म्हणून हळहळतो आणि मदत करायला सरसावतो. शेवटी पळापळीत प्रेत शिरतं महाभारताच्या नाटकात आणि साडी नेसवलेली द्रौपदी होऊन भरसभेत उभं राहतं. दोघे भोळे, दोन बिल्डर, त्यांची माणसं, पोलीस, सगळे पात्रं बनून रंगमंचावर घुसतात. वस्त्रहरण करायचं तर साडीखाली प्रेत; न करावं तर नाटक पुढं कसं जावं?

सणाच्या दिवसांत गावच्या रंगमंचावर ज्यांनी पौराणिक नाटकं केलीत, त्यांना हा प्रसंग माझ्याहून चांगला कळेल. राजसभेत अन्याय चाललाय, थोर माणसं माना खाली घालून बसलीत, आणि राजा आंधळा आहे. मूळ कथेत यावर आपण रडतो. इथं आपण खुर्चीतून खाली पडेपर्यंत हसतो. पण सभा तीच आहे! लाच खाणारा आयुक्त द्रौपदी झालाय आणि त्याच्या मढ्यासाठी भांडणारे बिल्डर, पत्रकार, पोलीस सगळे भरसभेत उघडे पडलेत. वस्त्रहरण कुणाचं झालं?

भक्ती बर्वे यांच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ‘ती फुलराणी’ची ही आपली नटी इथं संपादिका आहे. अन्यायाला वाचा फोडायला निघालेली, धाडसी, लाघवी. आणि मग हळूच कळतं की हातात आलेल्या पुराव्यावर ही बाई पैसे उकळायला बसलीय. त्यांनी हे कुठंही खलनायिकेचा सूर न लावता केलंय. आवाज तसाच मऊ, हसू तसंच. प्रेक्षकाचा शेवटचा आधार तुटतो तो त्या हसण्यावर. बिल्डर वाईट आहे हे आपल्याला पहिल्या रिळापासून माहीत असतं. आपल्या बाजूचं म्हणून ज्याला धरलं तेच फिरलं की मग कुणाकडं जायचं?

कुठंच नाही. पोलीस येतात, बडी माणसं आपसात मिटवून घेतात, आणि बिल्डरनं बांधलेला पूल कोसळल्याचा दोष या दोघा फोटोग्राफरांच्या माथी येतो. ‘झपाटलेला’त निदान शेवटी इन्स्पेक्टरला लक्ष्याचं खरं वाटतं, गोळी बरोबर जागी बसते, आपण सुटकेचा श्वास टाकून घरी जातो. इथं ती सोय नाही. आणि तरीही हा विनोदी सिनेमा आहे. मला वाटतं, हसवल्याशिवाय हा शेवट कुणी बघितलाच नसता.

आता थोडी तक्रार, आपल्याच मराठी सिनेमाबद्दल. रहस्याचा वाचक आपल्याकडं कधीच कमी नव्हता. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. धनंजय-छोटू, झुंजार, काळा पहाड यांची पुस्तकं वाचनालयांतून हातोहात गेली, पाठ्यपुस्तकात लपवून वाचली गेली. विनोदाचा प्रेक्षक तर घरचाच. मग या दोघांचं लग्न लावायला इतकी वर्षं का लागली? राजा परांजपे यांच्याकडं दोन्ही हात होते. 1952 मध्ये ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ त्यांनीच केले. 1964 चा ‘पाठलाग’ हे उत्तम रहस्य, इतकं उत्तम की हिंदीनं त्यावरून ‘मेरा साया’ काढला. पण विनोद एका कपाटात, रहस्य दुसऱ्या. हिंदीत 1958 साली ‘चलती का नाम गाडी’मध्ये किशोरकुमार आणि मधुबाला गाण्यांतून, गॅरेजमधून फिरत फिरत गुन्हेगारांच्या वाड्यात जाऊन पोचले होते. मराठीत हे ठामपणे जमवलं ते 1985 नंतर कोठाऱ्यांनी, आणि ‘धडाकेबाज’च्या वेळी तर त्यांनी मोठा सिनेमास्कोप पडदा वापरण्याचं धाडस केलं. त्याबद्दल त्यांचं ऋण मान्य करूनही मी म्हणेन, त्यात मुखवटे पुष्कळ आहेत, कोडं मात्र पातळ आहे. प्रेक्षकाला डोकं चालवायला लावणारं आणि तितकंच हसवणारं मराठी रहस्य अजून लिहायचं बाकी आहे.

ते मुंबईतच लिहिलं पाहिजे का? गुऱ्हाळाच्या हिशेबात घोळ असतो, दूध संस्थेची निवडणूक असते, जमिनीचा सातबारा रातोरात बदललेला असतो आणि हे सगळं डोळ्यांनी पाहिलेला एखादा माणूस असतो, ज्याला गाव येडा म्हणतं. इथल्या कॉलेजच्या मुला-मुलींनी ती एक गोष्ट लिहावी. त्या येड्याला खरा घाबरू द्यावा. त्याच्या तोंडी भाषण घालू नये.

कार्यकर्त्यांनी उद्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात पडदा लावून ‘जाने भी दो यारों’ दाखवायचं ठरवलं आहे. अवश्य या, पोरांना घेऊन या. द्रौपदीच्या प्रसंगाला मनसोक्त हसा. फक्त तो प्रसंग झाला म्हणजे सिनेमा संपला असं समजून चटया गुंडाळू नका. त्यानंतर ते दोघे फोटोग्राफर कैद्याच्या कपड्यांत मुंबईच्या रस्त्यावरून चालत येतात आणि सरळ आपल्याकडं बघून गळ्यावरून बोट फिरवतात. ती खूण आपल्यालाच का केली, पडद्यावरच्या दुसऱ्या कुणाला का नाही, यावर परवाच्या चर्चेत बोलू. तुमचं म्हणणं ऐकायला मी थांबणार आहे.